ते नदी

पुण्याच्या माणसाला तेलुगू ऐकण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. संध्याकाळच्या वेळी भवानी पेठेतून, नाना पेठेतून सहज फेरफटका मारावा. ओट्यावर बसलेल्या एखाद्या पद्मशाली आजीबाईंच्या तोंडून ती भाषा कानांवर पडतेच. सोलापूरच्या पूर्व भागात तर तिचे राज्यच आहे. पण ही सारी मंडळी मागामागून, पोटामागून इकडे आलेली. आली, राहिली आणि आपल्यातली झाली. महाराष्ट्रात अशीही गावे आहेत, की जिथे तेलुगू बाहेरून आलेली नाही. ती तिथलीच आहे आणि बाहेरून आलेली आहे ती मराठी! मराठी शिकवून पोट भरणाऱ्या मला ही गोष्ट वयाच्या तिशीपर्यंत नुसती नकाशावरून ठाऊक होती, हे कबूल करायला आज संकोच वाटतो. ती मला नीट कळली एका विद्यार्थ्यामुळे. आणि तीही फार उशिरा.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. प्राध्यापकीची माझी उमेद तेव्हा ताजी होती आणि तांबडी शाई तिच्याहूनही ताजी. प्रथम वर्षाच्या वर्गाला मी ‘माझे गाव’ या विषयावर निबंध घातला. एका वहीत वाक्य होते : ‘आमचे नदी पावसात मोठे होते, मग ते घरात येते.’ महाविद्यालयात आलेला मुलगा आणि ‘ते नदी’! मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. नाव सांगितले नाही. पण वर्गाला कळायचे ते कळले. हशा पिकला. त्या दिवसापासून त्या मुलाचे नावच ‘ते नदी’ पडले, हे मला पुढे दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून समजले. तोवर वर्ष संपले होते आणि मुलगा गावी निघून गेला होता.

तो गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा तालुक्याचा, पोचमपल्लीचा. पुढे तो शिक्षक झाला, त्याच मुलखातल्या एका शाळेत लागला. दर दिवाळीला त्याचे पत्र येई. अलीकडे पत्राची जागा मोबाइलवरच्या संदेशाने घेतली. दर वेळी शेवटचे वाक्य तेच : ‘सर, एकदा गाव बघायला या.’ गेल्या नवरात्रात मी शेवटी निघालो. निघालो म्हणजे काय, बायकोने घालवले. ती म्हणाली, “इतकी वर्षं तो बोलावतोय आणि तुम्ही इतकी वर्षं कारणं शोधताय. कसली भीती वाटते तुम्हांला?”

पुण्याहून रेल्वेने बल्लारशा. तिथून बसने गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. आलापल्लीला रात्र काढली आणि सकाळी पुढची बस धरली. येथून सिरोंचा शंभरएक किलोमीटर. दोन्ही बाजूंना साग. आपल्याकडे सागाचे झाड म्हणजे बंगल्याच्या कोपऱ्यात लावलेली मोठ्या पानांची काठी; इथले साग पाहायचे तर मान मागे टाकावी लागते आणि टोपी हाताने धरावी लागते. रस्त्याबद्दल मात्र मी काही लिहीत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी एका वाक्यात त्याचे वर्णन केले : “खड्डा संपला की रस्ता लागतो, तेव्हा घट्ट धरून बसा.”

बस जसजशी दक्षिणेला जाऊ लागली, तसतशी आतली बोली पालटत गेली. आलापल्लीला मराठी, मग मराठीत मिसळलेली तेलुगू, आणि सिरोंचा जवळ आले तेव्हा सगळी बस तेलुगूत बोलत होती. कंडक्टरसुद्धा! महाराष्ट्र राज्याच्या एस. टी. बसमध्ये, छातीवर मराठी बिल्ला लावून तो सुट्ट्या पैशांवरून तेलुगूत भांडत होता आणि मी, मराठीचा एम. ए., त्या बसमधला एकमेव परदेशी होतो.

गावांच्या पाट्या पाहून तर माझ्यातला शिक्षक जागा झाला. पाट्यांवरची लिपी आपली, नावे त्यांची. पल्ली म्हणजे गाव. पोचमपल्ली म्हणजे पोचम्मा देवीचे गाव. आपल्याकडे मरीआई, तशी त्यांच्याकडे पोचम्मा. देवीचा रोग राखणारी. चिंता म्हणजे चिंच. म्हणून चिंतलपल्ली हे चिंचवडच म्हणा ना! पाता म्हणजे जुना, गुडेम म्हणजे पाडा; म्हणून पातागुडेम. मधूनच जाफराबाद येते आणि निजामाच्या अमलाची आठवण करून देते. आणि एका गावाचे नाव ग्लासफोर्डपेठा! ग्लासफोर्ड हा इथला इंग्रज डेप्युटी कमिशनर होता. साहेब गेला, साहेबाचे राज्य गेले. पेठ तेवढी राहिली, तीही तेलुगू बोलणारी.

सिरोंच्याला माझा विद्यार्थी उतरवून घ्यायला आला होता. केस कानांपाशी पिकू लागलेले, अंगात पांढरा सदरा. वाकून नमस्कार केला. मी काही बोलणार, तोच मला मोटारसायकलवर मागे बसवून तो निघालाही.

घरी पोचलो तो त्याची आई दारातच उभी होती. पाण्याचा तांब्या पुढे करून तिने हसतमुखाने एक शब्द उच्चारला, आणि मी उंबऱ्यावरच थबकलो. तेलुगूत ‘यावे’ या अर्थाचा अत्यंत आदराचा शब्द मराठी कानाला असा काही ऐकू येतो, की तो मला या पानावर छापता येत नाही. जिज्ञासूंनी एखाद्या तेलुगू शेजाऱ्याला विचारून घ्यावा. विद्यार्थ्याला माझी अडचण समजली. तो मान खाली घालून हसला. “सर, पुण्यात पहिल्या आठवड्यात मी हाच शब्द खानावळीच्या मावशींना म्हटला होता. त्या दिवशी मी उपाशी राहिलो.”

जेवायला भात, अंबाडीची भाजी, चिंचेचे आंबट चारू आणि गोदावरीचा मासा. मी मासे खातो हे कळल्यावर घराचा जीव भांड्यात पडला. त्याचे वडील, ज्यांना तो ‘बापू’ म्हणतो, ते माझ्यासमोर बसून मी काय खातो ते पाहत होते. त्यांना मराठी समजते, पण बोलताना संकोच वाटतो. मला तेलुगू समजत नाही आणि संकोचही वाटत नाही. दोघांपैकी जास्त अडाणी कोण, हे मी मनातल्या मनात ठरवून टाकले.

दुपारी बापूंनी आणि मुलाने मिळून मला गावाचा इतिहास सांगितला. वास्तविक गावाला स्वतःचा इतिहास फार थोडा. नदीकाठी शेते, बांधावर ताडाची झाडे, जाळी टाकणारे बेस्ता, मेंढरे राखणारे गोल्ला, विणकामाचा वारसा सांगणारे नेतकानी, जंगलाच्या बाजूला माडिया गोंडांची वस्ती. कापूस, धान आणि मिरची. घरचे काम आटोपले की मिरची तोडायला माणसे नदीपलीकडे तेलंगणात जातात. पिढ्यान्‌पिढ्या हेच. पण गाव एकाच जागी बसून राहिले आणि राज्ये त्याच्या डोक्यावरून गेली, ती मोजायला बोटे पुरत नाहीत.

हा मुलूख निजामाच्या ताब्यात होता. १८६० च्या तहाने निजामाने प्राणहिता-गोदावरीच्या डाव्या तीरावरचा प्रदेश इंग्रजांना दिला आणि सिरोंचा एकदम जिल्ह्याचे ठाणे झाले. जिल्ह्याचे नाव ‘अप्पर गोदावरी’. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, त्यात हा जिल्हा गेला. त्या काळी साहेबांच्या डोक्यात मोठा बेत होता. वऱ्हाड-वर्धेचा कापूस नावांतून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा थेट पूर्व समुद्राला न्यायचा! गोदावरीवर धरणे बांधणाऱ्या सर आर्थर कॉटनचे हे स्वप्न. दुम्मागुडेमला, इंद्रावतीच्या संगमाजवळ इंचमपल्लीला आणि वर प्राणहितेवर देवलमरीपाशी असे खडकांचे तीन अडसर होते. ते ओलांडण्यासाठी कालवे आणि बंधारे यांवर वर्षानुवर्षे पैसा ओतला. मजूर तापाने हैराण झाले. तेवढ्यात, १८६७ मध्ये, आगगाडी नागपूरला पोचली आणि कापूस मुंबईच्या वाटेने जाऊ लागला. १८७१ मध्ये काम बंद पडले. १८७४ मध्ये जिल्हाही मोडला. खालचे तालुके मद्रास इलाख्याला गेले आणि सिरोंचा चांद्याला जोडले गेले. पुढे १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र, आणि १९८२ च्या ऑगस्टात चांद्यातून निघालेला गडचिरोली जिल्हा. नदीपलीकडचा निजाम गेला, हैदराबाद राज्य गेले, आंध्र प्रदेश आला, २०१४ मध्ये तेलंगण झाले. गाव तिथेच, सोयरिकी दोन्ही तीरांवर. बापूंची एक बहीण पलीकडे दिलेली आहे. “सरकारने नदीवर रेघ मारली,” बापू म्हणाले आणि मुलाने त्याचे मराठी केले; “पण नदीवर रेघ राहते का?”

माणसांच्या या इतिहासाला हसावे असा दुसरा एक इतिहास याच जमिनीत पुरलेला आहे. जवळच्या कोटा गावच्या चुनखडीत माशांचे जीवाश्म सापडले, त्यांची वर्णने १८५० नंतरच्या दशकातच विलायतेत छापून आली. त्या गावाच्या नावाने ‘कोटा’ हा खडकांचा थरच आज जगातले भूशास्त्रज्ञ ओळखतात. वडधमला दगड झालेल्या झाडांची खोडे आहेत. आणि पोचमपल्लीच्या शिवारात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना एका अवाढव्य प्राण्याची सुमारे तीनशे हाडे मिळाली. मांडीचे एकेक हाड पुरुषभर उंच! १९६१ हे रवींद्रनाथ ठाकुरांचे जन्मशताब्दीचे वर्ष. म्हणून १९७५ मध्ये नामकरण झाले तेव्हा प्राण्याचे नाव ठेवले ‘बारापासॉरस टागोराय’. ‘बारापा’ म्हणजे बंगालीत मोठ्या पायाचा. अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वी तो या भूमीवर चालत होता. त्याचा सांगाडा आता कलकत्त्याला उभा आहे. तेलुगू बोलणाऱ्या मराठी गावातला प्राणी, नाव बंगाली-लॅटिन, मुक्काम कलकत्ता! सिरोंच्याच्या नशिबी ही सरमिसळ आरंभापासूनच असावी.

संध्याकाळी नदीवर गेलो. प्राणहिता येऊन गोदावरीला मिळते तो संगम सिरोंच्याच्या खालीच आहे. नांदेड जिल्हा सोडून तेलंगणात गेलेली गोदावरी इथे पुन्हा महाराष्ट्राच्या अंगाला लागते. सासरी दिलेल्या लेकीने जाता-जाता माहेरच्या परसदारी टेकावे, तशी. नाशिकला आपण तिला गंगा म्हणतो. इथे ती गोदारम्मा. पैलतीरी काळेश्वर. तिथे एकाच पीठावर दोन लिंगे आहेत, काळेश्वर आणि मुक्तेश्वर; एक यमाचे, एक शिवाचे. काळेश्वर, श्रीशैल आणि द्राक्षाराम या तीन लिंगक्षेत्रांमधला देश तो त्रिलिंग, त्यावरून तेलंग, अशी जुनी समजूत आहे. म्हणजे तेलुगू देशाच्या एका कोपऱ्याचा दगड आमच्या समोर होता आणि आम्ही महाराष्ट्रात उभे होतो.

मला चक्रधरस्वामींची आठवण झाली. मराठीच्या प्राध्यापकाला ती होणारच. स्वामींनी आपल्या शिष्यांना बजावले होते, की कानडदेशी, तेलंगदेशी जाऊ नका, महाराष्ट्रातच राहा. स्वतः स्वामी मात्र तेलंगदेशी हिंडून आलेले; ओरंगल म्हणजे वारंगळला त्यांनी संसारही मांडला होता, अशी कथा लीळाचरित्रात आहे. हा प्रसंग मी वर्गात वीस वेळा शिकवला असेल. पण महाराष्ट्र कुठे संपतो आणि तेलंगदेश कुठे सुरू होतो, असे त्या शिष्यांनी विचारले असते तर स्वामींनी काय उत्तर दिले असते? मला तरी त्या काठावर उत्तर सुचेना.

नदीच्या पात्रात मेडीगड्ड्याचे लांबच लांब धरण दिसते. काळेश्वर प्रकल्पासाठी तेलंगणाने ते बांधले. पंच्याऐंशी दरवाजे, लांबी दीड किलोमीटरच्या वर. पाणी किती उंचीपर्यंत अडवायचे याचा करार दोन राज्यांत २०१६ च्या ऑगस्टात झाला. २१ जून २०१९ रोजी उद्‌घाटन झाले. पाणी तिकडच्या शेतांसाठी. पण फुगवटा दोन्हीकडचा. इकडचे शेतकरी सांगतात, की तेव्हापासून काठ खचू लागला, शेते नदीत जाऊ लागली. २०२२ च्या जुलैत महापूर आला तेव्हा गावेच्या गावे पाण्यात गेली. भरपाईसाठी लोक उपोषणाला बसले. २०२३ च्या ऑक्टोबरात धरणाचे खांबच खचले. दीडशे वर्षांपूर्वी कॉटनसाहेबाच्या बंधाऱ्यांवर हरलेली ही नदी नव्हे, हे तिने पुन्हा एकदा दाखवून दिले. बापूंनी काठावरून पाण्याकडे बोट दाखवले. “तिथं माझी मिरची होती.” हे वाक्य त्यांनी मराठीत म्हटले. तेवढे एकच.

रात्री गावात बतुकम्मा होती. ज्या दिवसांत आपल्याकडे मुली पाटावर हत्ती मांडून भोंडल्याचा फेर धरतात, त्याच दिवसांत इथल्या बायका ताटात फुलांचा मनोरा रचतात. तरवडाची पिवळी फुले, कुरडूचे पांढरे तुरे, झेंडू. थरावर थर, आणि माथ्यावर हळदीची गौरम्मा. ते मनोरे मधोमध ठेवून बायका टाळ्या वाजवीत भोवती फिरतात आणि गातात. शेवटच्या दिवशी फुले पाण्यात सोडतात. गाण्यातला शब्द मला कळला नाही. पण सासर-माहेराचे गाणे कळायला शब्द कशाला लागतात? एक म्हातारी गाता-गाता डोळे पुसत होती. आमची आई भोंडल्यात असेच डोळे पुसायची.

दुसऱ्या दिवशी त्याने मला शाळा दाखवली. सुट्टी होती, खोली रिकामी. फळ्याशेजारच्या कपाटातून त्याने एक जाड वही काढली. डावीकडे तेलुगू शब्द, उजवीकडे मराठी. सगळे देवनागरीत, सुरेख अक्षरात. इल्लु – घर. चेट्टु – झाड. पामु – साप. नीळ्ळु – पाणी.

“हे कोणी करायला सांगितलं?” मी विचारले.

“कोणी नाही, सर. पहिलीतलं मूल पहिल्या दिवशी ‘नीळ्ळु’ म्हणतं. गुरुजींना कळलं नाही, तर ते तहानलेलं घरी जातं. दुसऱ्या दिवशी येतच नाही. म्हणून आधी मी त्यांच्या भाषेत बोलतो. दिवाळीपर्यंत अर्धं-अर्धं. वर्ष संपताना पोरं मराठीत भांडायला लागतात. भांडायला लागली, की समजायचं भाषा आली.”

वहीच्या मागच्या पानांवर त्याने व्याकरण लिहिले होते. तेलुगूत एकवचनी पुरुष तेवढा वेगळा. बाई असो, झाड असो, नदी असो, सगळ्यांचे क्रियापद एकच. म्हणून आपल्या मुलांना मराठीत स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग यांतला भेद आपोआप कळत नाही. तो शिकवावा लागतो. खाली त्याने उदाहरणे दिली होती. पहिलेच उदाहरण : ‘ते नदी’ नव्हे, ‘ती नदी’.

मी वही मिटली. खिडकीबाहेर पाहिले. “त्या दिवशी वर्गात...” मी कसेबसे म्हणालो.

“सर, ते जाऊ द्या,” तो म्हणाला. “पण तेव्हाच मला कळलं, की माझी चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हता. माझ्या डोक्यात दुसरं व्याकरण होतं, इतकंच. ते कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून मी आता सांगतो.”

यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

निघायच्या दिवशी चहा घेताना त्याची आई भिंतीकडे बोट दाखवून काही सांगू लागली. देवाच्या फळीच्या वर, माझ्या खांद्याच्या उंचीला, चुन्यावर एक मातकट रेघ होती. तिच्या खाली आणखी एक, जुनी, पुसट. खालची १९८६ ची, वरची २०२२ ची. तो सांगू लागला : “अम्मा म्हणते, इथवर आलं होतं. रात्री आलं. आधी शेळ्या सोडल्या, मग पोरं माडीवर...”

“काय आलं होतं?” मी विचारले.

“नदी, सर.”

आणि पंधरा वर्षांपूर्वीचे ते वाक्य मला त्या दिवशी प्रथमच ऐकू आले. आमचे नदी पावसात मोठे होते, मग ते घरात येते. अठरा वर्षांचा एक मुलगा घरापासून हजार किलोमीटरांवर बसून मला त्याच्या घरात शिरणाऱ्या पुराबद्दल सांगत होता. मी ‘ते’खाली तांबडी रेघ ओढली, आणि बाकीचे वाक्य वाचलेच नाही. सबंध वर्गाला वाचून दाखवले, पण मी वाचले नाही.

परतीच्या बसमध्ये पुन्हा कंडक्टर तेलुगूत भांडत होता. त्याने माझ्या हातात तिकीट दिले, तेव्हा मी अम्माने शिकवलेला आभाराचा शब्द मोडक्यातोडक्या उच्चारात म्हटला. काय चुकले कोण जाणे, सगळी बस हसली. मीही हसलो. मला माझे लिंग, वचन, विभक्ती कोणी समजावून सांगितले नाही; पण शेजारच्या बाईंनी हसू आवरून तो शब्द दोनदा सावकाश म्हणून दाखवला आणि माझ्याकडून म्हणवून घेतला.

पुण्यात आल्यावर प्रथम वर्षाचे निबंध तपासायला आले होते. विषय तोच, तो मी दर वर्षी घालतो. या वेळी गठ्ठा घेऊन बसलो, तेव्हा तांबडे पेन खणातच राहू दिले. आधी सगळे निबंध एकदा नुसते वाचून काढले. खुणा दुसऱ्या दिवशी केल्या.